म्हातारी हुबारा आणि आब्बांचा वारा

जुन्या सावजाला अक्कल शिकवतात ती त्याच्या मागे लागलेली माणसंच, असं बू राशिद म्हणायचे. बू राशिद म्हणजे आब्बांच्या मालकांचे, राशिद यांचे वडील. तिकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. राशिदचा बाप तो बू राशिद. दोह्याच्या उत्तरेला, मदिनत अश शमाल या गावाच्या कडेला त्यांचं घर होतं आणि घरामागे, कबुतरांच्या खुराड्यांपलीकडे, आमच्या दोन खोल्या. कागदावर आब्बा राशिद यांचे ड्रायव्हर होते. पण राशिद दोह्यात, ऑफिसात आणि मित्रांत बुडालेले, त्यामुळे आब्बा प्रत्यक्षात वाट्याला आले ते म्हाताऱ्याच्या. दोघांचं गूळपीठ असं जमलं की मां म्हणायची, "ह्यांनी निकाह माझ्याशी केलानी का त्या म्हाताऱ्याशी?" त्यावर आब्बा हसायचे. आब्बा तेव्हा फार हसायचे हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण माझ्या मुलांनी आपल्या नानांना हसताना फारसं पाहिलेलं नाही.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. आब्बांचे वडील गलबतावर तांडेल होते आणि आब्बांचं लहानपण त्यांच्या पायाशी, शिडाच्या सावलीत गेलेलं. गावात म्हण पडली होती की यूसुफचा वारा चुकत नाही. होड्या लोटण्याआधी माणसं आब्बांना विचारायला यायची. असा माणूस वाळवंटात गाडी चालवायला गेला, पण नाक त्यानं घरी ठेवलं नव्हतं. सकाळी उठल्यावर आब्बा पहिल्यांदा दारात उभे राहून तोंड फिरवून वारा घ्यायचे आणि मग चहा. आत मां परातीत तांदळाची भाकरी थापत असायची, बाहेर कबुतरं घुमत असायची, आणि आमचा जुना एसी हिवाळ्यातसुद्धा कुठल्या तरी कारणानं खडखडत असायचा. बू राशिद यांच्याकडून हमूर मासा आला की मां त्याचं कोकमाचं सार करायची आणि पहिलं भांडं त्यांच्याकडे जायचं. घावणे तर ते मधात बुडवून खायचे. मांला ते बघवायचं नाही. "घावण्याला मध? अल्ला, ह्या माणसाला कोणी शिकवलान नाय का?" असं म्हणत ती आणखी दोन घालायची.

बू राशिद यांच्या बैठकीच्या खोलीत, मऊ अस्तर लावलेल्या खुंटावर, जौहरा बसलेली असायची. जौहरा ही त्यांची ससाण्याची मादी. शिकारीला तिकडे मादीच घेतात, नर अंगानं लहान पडतो. तिच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी घालत, तिला ते बुर्का म्हणत, आणि मांला याची मोठी गंमत वाटे. "बघ गो, हिच्या बुरख्याचं काम माझ्यापेक्षा बारीक हाय," असं ती मला म्हणायची. बू राशिद तरुणपणी लाकडी जहाजातून मुंबईच्या बंदरात जाऊन आले होते, त्यामुळे त्यांना त्यांची अशी एक हिंदी यायची. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच धुरकं आलं होतं. समोरचा माणूस ओळखू यायचा, दूरचं काही दिसायचं नाही. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की राहिलेलंही जाणार. त्यांनी जौहराशिवाय बाकीचे सगळे पक्षी देऊन टाकले. जौहरा ठेवली ती एका म्हातारीसाठी.

हुबारा हा कोंबड्यापेक्षा मोठा, उंच पायांचा, वाळूच्या रंगाचा पक्षी. आपल्याकडच्या माळढोकाच्या नात्यातला. थंडीबरोबर तो उत्तरेच्या मुलखातून तिथं उतरतो. पूर्वी थवे उतरायचे म्हणे. मी गेले तेव्हा इतक्या गाड्या, इतके ससाणे त्याच्या मागे लागलेले की एखादा दिसला तरी माणसं आठवडाभर त्याच्याबद्दल बोलायची. त्यातच ही एक म्हातारी होती. दर हिवाळ्यात यायची, डाव्या पावलाचं एक बोट अर्धं तुटलेलं, त्यामुळे वाळूतला तिचा ठसा लगेच ओळखू यायचा. कित्येक ससाणे तिच्यावर सोडले गेले आणि कित्येक मान खाली घालून परत आले. डोळे जायच्या आधी एकदा ती आपल्या जौहरानं धरावी, एवढीच बू राशिद यांची इच्छा उरली होती. हज झाला होता, नातवंडं झाली होती, मागायला दुसरं काही नव्हतं.

शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर जायची. मांनी आधी आरडाओरडा केला, "पोरीच्या जातीला कसली शिकार?" पण बू राशिद स्वतः दारात येऊन म्हणाले, "बिंत यूसुफ साथ चलेगी, बात करेगी, यूसुफ तो सिर्फ हवा की बात करता है." बिंत यूसुफ म्हणजे यूसुफची मुलगी, मी. मी मागच्या सीटवर, मांडीत कडू कॉफीचा थर्मास, खजुराचा डबा, आणि पुढे हे दोघे. त्या गाडीत मी जे ऐकलं ते अजून माझ्या डोक्यात जसंच्या तसं आहे. सगळे शिकारी शुक्रवारी येतात आणि दक्षिणेला खोल वाळवंटात जातात, म्हणून म्हातारी शुक्रवारी हलतच नाही, आणि खोल वाळवंटात तर ती नसतेच. ती असते रस्ता आणि शेताचं कुंपण यांच्यामधल्या पट्ट्यात, जिथून सगळ्यांच्या गाड्या धूळ उडवत पुढे जातात. कोवळा पक्षी इंजिनाच्या आवाजानं उठतो आणि मरतो. म्हातारी पोट जमिनीला लावून बसते आणि तुम्हांला पुढे जाऊ देते. चालताना ती टायरच्या चाकोरीतून चालते, म्हणजे मागून येणारी गाडी तिचा माग पुसते. "बुड्ढी है, पागल नहीं," बू राशिद म्हणायचे. म्हणून तिच्याकडे कधी सरळ जायचं नाही. दुसरीकडेच निघाल्यासारखं मोठ्या वेढ्यानं जायचं, वेग बदलायचा नाही, थांबायचं नाही, गप्पसुद्धा व्हायचं नाही, कारण गप्प झालेली माणसं तिला माहीत होती. शुक्रवारच्या गर्दीनंतर चार दिवस तिला मोकळं सोडायचं, आणि मग मधल्याच एखाद्या वारी जायचं. त्या गाडीत आम्ही म्हातारीच्या जवळून जाताना मोठमोठ्यानं घावण्यांबद्दल बोलत असू. जगात एवढ्या खोट्या आणि एवढ्या आनंदाच्या गप्पा मी पुन्हा कधी मारलेल्या नाहीत.

एवढं करूनही म्हातारीचा शेवटचा डाव उरायचा. ससाणा सुटला की ती पूर्वेला, समुद्राकडे जायची. हुबारा शेपटीखालून एक चिकट घाण उडवतो, ती ससाण्याच्या पंखांना लागली की पिसं एकमेकांना चिकटतात. जमिनीवर याचं फारसं काही नाही, ससाणा खाली बसतो आणि माणूस त्याला उचलून आणतो. पाण्यावर बसायला जागा नसते. ज्यांना हे माहीत होतं ते समुद्राच्या बाजूला तिच्यावर पक्षी सोडत नसत, आणि म्हातारीला हेही माहीत होतं.

यावर आब्बांनी तोड काढली. ती तोड आमच्या गावची होती. कोकणात थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई सुटते, ती जमिनीवरून दर्याकडे. उन्हं चढली की वारा फिरतो आणि दर्यावरून जमिनीकडे येतो. आब्बा म्हणाले, सगळे लोक सकाळी शिकार करतात, आपण दुपारी करू. वारा दर्यावरून असेल, म्हातारी दर्याकडे उडेल ती वाऱ्याच्या तोंडात उडेल, दमेल. आणि जौहराचं काही बिनसलं तर वाराच तिला उचलून जमिनीवर आणून टाकेल. बू राशिद यांनी हे शांतपणे ऐकलं आणि आब्बांच्या पाठीवर थाप मारली. हिवाळाभर दोघांनी रोज किनाऱ्यावर जाऊन वारा पाहिला. खरंच, शांत दिवसांत तो तसाच वागत होता. आब्बांची छाती फुगली होती. मांकडे पाहून ते म्हणाले, "दर्या सगळीकडे एकच गो."

मग एका दुपारी आम्ही म्हातारीला कुंपणाच्या आणि किनाऱ्याच्या मधे गाठलं. वेढा घेऊन, गप्पा मारत, बरोब्बर जवळ. वारा माझ्या तोंडावर येत होता, ओलसर, दर्यावरून. मग तो एकदम पडला. गाडीचं दार उघडून बू राशिद उतरले, मुठीवर जौहरा, आणि त्यांनी विचारलं, "हवा किधर, यूसुफ?"

गावाकडे त्या वेळेला वारा असा पडला तर तो दम खातो आणि परत दर्यावरूनच येतो, दुप्पट जोरानं. आब्बांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं होतं आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना. आब्बा म्हणाले, "दर्या से, बू राशिद. अब शाम तक दर्या से ही."

बू राशिद यांनी नाक वर केलं. "सूखी लगती है."

"मेरा नाक दर्या पे पैदा हुआ है," आब्बा हसत म्हणाले, आणि म्हातारेही हसले. त्यांनी जौहराचा बुर्का काढला.

ती निघाली ती बघायला पुन्हा जन्म घ्यावा अशी निघाली. म्हातारी आधी पळाली, मग उठली, आणि सरळ पूर्वेला. जौहरानं किनाऱ्यावरच तिला गाठल्यासारखं झालं, मग काहीतरी पांढरं उडालं, जौहरा हिसका बसल्यासारखी वाकडी झाली. म्हातारी खाली झुकली, लाटांना जवळजवळ टेकून वळली आणि काठाकाठानं उत्तरेकडे निघून गेली. जौहरा पुढे गेली होती. ती पाण्यावर होती, एक पंख नीट उघडत नव्हता, पण ती वळत होती, आमच्याकडे तोंड करत होती. तेवढ्यात माझी ओढणी मानेवरून सुटली आणि समुद्राच्या दिशेनं गेली. मी मागे पाहिलं. वाळवंटाकडचं आभाळ मळकं झालं होतं. ज्या वाऱ्याला तिकडे शमाल म्हणतात, तो जमिनीवरून येत होता. तो यायच्या आधी हवा अशीच पडते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

आब्बा पाण्यात धावले. छातीपर्यंत गेले. जौहराला परत बोलवण्यासाठी हुबाऱ्याच्या पंखांचा बांधलेला जुडगा दोरीला लावून डोक्याभोवती फिरवत ते ओरडत होते. काठावर बू राशिद रिकामी मूठ तशीच वर धरून उभे. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"यूसुफ, दिखती है?"

"दिखती है, बू राशिद!"

मलाही दिसत होती. ठिपक्याएवढी. मग दिसेनाशी झाली.

"यूसुफ, दिखती है?"

"दिखती है! दिखती है!"

आब्बा कितीतरी वेळ तसे ओरडत होते. शेवटी म्हाताऱ्यांनी मूठ खाली घेतली आणि म्हणाले, "खलास, यूसुफ. बाहर आ. पानी ठंडा है." आब्बा बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःचा लोकरी अंगरखा काढून आब्बांच्या अंगावर घातला. परतताना गाडीत ते एवढंच बोलले की अल्लानं लिहिलं होतं ते झालं. घरी मांनी भाकरी वाढली, ती कोणी खाल्ली नाही.

त्यानंतर आब्बा सुट्टीच्या प्रत्येक दिवशी किनाऱ्यावर जात. कोळ्यांना विचारत, समुद्रातून आलेल्या प्रत्येकाला विचारत. सकाळी दारात उभं राहणं त्यांनी सोडलं. उठून तोंड धुऊन सरळ गाडीकडे जात. बू राशिद यांनी बैठकीत बोलावलं की उंबऱ्याबाहेरच उभे राहत, "जी, जी," करत. म्हातारा एक दिवस चिडून म्हणाला, "यूसुफ, मैंने पक्षी खोया है, तू मुझे भी खोने को बोलता है?" आणि मग एक दिवस आब्बांनी स्वतः होऊन राशिद यांच्याकडे दोह्यात बदली मागून घेतली, राशिद यांच्या मुलांची ने-आण करायला. मांनी पुष्कळ समजावलं. "तुमच्याकडनं चूक झाली, गुन्हा नाय झाला," असं ती भांडी घासता घासता रोज म्हणे. पण आब्बांनी सामान बांधलं होतं.

दोह्यातल्या अल थुमामाला आम्ही राहायला आलो. डोक्यावरून विमानं जायची, बोलणं मधेच थांबवावं लागायचं. शाळा जवळ आली म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, आणि मी रात्रंदिवस कुढत होते. माझा राग आब्बांवर होता आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. आब्बा तेव्हा होते त्याहून आज मी वयानं मोठी आहे, आणि मला कळतं की माणसाला ज्या एका गोष्टीचा अभिमान असतो तिथंच तो चुकला तर तो मोडतो. कळतं, पण राग जात नाही.

पुढच्या एका हिवाळ्यात बू राशिद आमच्या दारात आले. नव्या ड्रायव्हरच्या खांद्यावर हात, डोळे पूर्ण गेलेले. भिंत चाचपत आत आले आणि गादीवर बसले. मांनी गडबडीनं घावणे घातले आणि या वेळी न मागता मध ठेवला. त्यांनी आब्बांचा हात हातात धरला. म्हणाले, "यूसुफ, बुड्ढी आई है. लोगों ने पाँव देखा, वही टूटी उँगली. मुझे ससाणा-बिसाणा कुछ नहीं चाहिए." ससाणा हा शब्द ते आमच्याकडूनच शिकले होते. "तू गाडी चला. मैं बैठूँगा. तू देख, और मुझे बोल कि देखा. बस."

विमान गेलं. मग आब्बा म्हणाले, "बच्चों का स्कूल है, बू राशिद. छुट्टी नहीं मिलती."

ती मुलं म्हाताऱ्याचीच नातवंडं होती. एक शब्द त्यांनी मुलाला टाकला असता तर आब्बांना महिन्याची सुट्टी मिळाली असती, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी तो शब्द टाकला नाही. थोडा वेळ आब्बांचा हात थोपटत बसले, मांला शुक्रन म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवून "बिंत यूसुफ बडी हो गई," म्हणाले, आणि गेले. जिन्यात त्यांची काठी आपटत खाली जाताना ऐकू येत होती आणि मी आब्बांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "त्यांनी माफ केलंय तुम्हांला! स्वतः जिना चढून आले! आता आणखी काय करायचं त्यांनी?"

आब्बा गादीला बू राशिद यांच्या बसण्यानं पडलेल्या खड्ड्याकडे बघत होते. "त्यांनी केला गो माफ," ते म्हणाले. "माझ्याच्यानं घेववत नाय."

उन्हाळ्यात बू राशिद गेले. आब्बा दफनाला गेले, मूठभर माती घातली, परत आले आणि कामाला लागले. मांनी बू राशिद यांच्यासाठी कुराण वाचलं. मी पुष्कळ रडले आणि आब्बांशी बोलणं जवळजवळ टाकलं. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांना चुकवत होतो.

थंडी पडल्यावर एका सुट्टीच्या दिवशी आब्बा माझ्या खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "चल." मी कुठे म्हणून विचारलं नाही. मांनी वाटेत खायला म्हणून डबा दिला तो मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसले. मदिनत अश शमालपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मालकांच्या घरावरून आब्बांनी गाडी नेली, थांबवली नाही. पुढे शेताच्या कुंपणाजवळ आल्यावर मात्र ते अचानक बोलायला लागले. काहीही. मांच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या परीक्षेबद्दल, गावच्या मशिदीच्या रंगाबद्दल, मोठमोठ्यानं. गाडी मोठ्या वेढ्यानं चालली होती, वेग एकसारखा. मी समजले, आणि मीही बोलायला लागले.

ती तिथं होती. रस्ता आणि कुंपण यांच्यामधे, जमिनीला पोट लावून, दगडासारखी. आम्ही तिच्या अगदी जवळून गेलो, तरी ती हलली नाही. मग वेढा पूर्ण करून आब्बांनी, बू राशिद यांनी कधीही करू दिलं नसतं ते केलं, गाडी थांबवली. म्हातारीनं मान वर केली. सावकाश उभी राहिली आणि आमच्याकडे पाहू लागली.

आब्बांनी बोट दाखवलं आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, खुशीत म्हणाले, "शूफ, बू राशिद, शूफ." शूफ म्हणजे बघ.

त्या सीटवर मी होते. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्यांचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मी त्यांच्याकडे वळले नाही. त्यांनी बघ म्हटलं होतं, म्हणून मी तिच्याकडेच बघत राहिले, ती कुंपणाआड जाईपर्यंत.